केतकीताईंचा आठ

केतकी पाटणकरला आकडे मोजता येत नाहीत, अशी आवई कराडात तिच्या वर्गातल्या मुलींनीच उठवली होती. एक ते सात ठीक चालायचं. आठवर घोडं अडायचं. मुलगी मल्लखांबाच्या टोकावरच्या बोंडावर उलटी उभी, पाय आभाळात, दंड थरथरताहेत, आणि खाली केतकी शांतपणे म्हणतेय, "सहा, सात, आठ… आठ… आठ…" नऊ आणि दहा हे आकडे या मैदानावर फक्त ऐकून माहीत होते. "ताईंचा आठ संपेस्तोवर माझं लग्न ठरेल," असं नववीतली शर्वरी कणसे म्हणायची. पण त्या लांबलेल्या आठातच मनगटं पक्की होतात, हेही तिला कळत होतं, म्हणून ती खाली उतरायची नाही.

त्या संध्याकाळी सराव संपला होता. खांबावरचं एरंडेल पुसायचं काम दोघींवर टाकून बाकीच्या मुली शर्वरीच्या टॅबभोवती गोळा झाल्या होत्या. 'काळी भरती'चा नवा भाग आला होता. या जपानी चित्रमालिकेनं जगभरातल्या पोरांना वेड लावलं होतं आणि ती मराठीत बोलायला लागल्यापासून कराडातल्या पोरांचीही गत वेगळी नव्हती. गोष्ट दोन काळांची होती. एका काळात समुद्र आपल्या जागी असतो आणि नोझोमी नावाची मुलगी दप्तर घेऊन शाळेत जाते. दुसऱ्या काळात त्याच समुद्राला काळी भरती येते आणि शहरंच्या शहरं गिळते. तिथे उरलेल्या पोरक्या मुलांना वाचवणारा एकच माणूस असतो, इसाओ-सेन्सेई, म्हणजे इसाओ गुरुजी. एका पायानं लंगडा, अकाली पिकलेला, कमी बोलणारा. तो चिखलात उंच खांब रोवतो आणि मुलांना वर चढून तोल धरायला शिकवतो. भरती ओसरेपर्यंत जो वर टिकला तो जगला.

"ताई!" शर्वरी किंचाळली. "अहो ताई, इकडे या! तुमचा आठ चोरला!"

केतकी हात पुसत आली. पडद्यावर नोझोमी खांबाच्या टोकावर उलटी होती, खाली पाणी फेसाळत होतं आणि इसाओ-सेन्सेई कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मोजत होता. "सहा. सात. आठ. आठ. आठ."

मुली टाळ्या पिटायला लागल्या. केतकी मात्र त्याच्या हातांकडे बघत राहिली. डावा हात छातीशी, उजवा तळवा उघडा आणि जरा पुढे. नजर मुलीच्या चेहऱ्यावर नाही, कमरेवर. पडणारं माणूस आधी कमरेतून सुटतं, चेहऱ्याला ते उशिरा कळतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं मुली झेलून ते तिचं तिलाच कळलं होतं.

"सेन्सेई, तुम्ही नऊ का म्हणत नाही?" खाली उतरल्यावर नोझोमीनं विचारलं.

"माझ्या गुरूंनी मला तो शिकवला नाही," इसाओ म्हणाला आणि भाग संपला.

"सेन्सेईचे गुरू कोण, यावर सगळं जग भांडतंय," शर्वरीनं माहिती पुरवली. "पांढऱ्या दाढीचा म्हातारा असणार. डोंगरात राहणारा."

केतकीनं मैदानाच्या कडेला पाहिलं. कुंपणाच्या भिंतीवर तिचा नवरा हृषीकेश नेहमीसारखा बसला होता. पाटबंधारे खात्यातला अभियंता. कामावरून सुटला की इथे यायचा, फोन हातात धरून, मान खाली घालून बसायचा आणि सराव संपला की तिला स्कूटरवरून घरी न्यायचा. इतक्या वर्षांत त्यानं मैदानात कधी पाऊल टाकलं नव्हतं, की वर्गाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

म्हणूनच तर केतकीचं मन उज्जैनकडे झुकलं होतं. तिथल्या नव्या अकादमीनं मुलींच्या मल्लखांबासाठी तिला बोलावलं होतं, दोन वर्षांसाठी. शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. गेली तर हा वर्ग बंद पडणार, कारण शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलगा शिकायला बंगळुरूला गेल्यापासून घरात दोघंच उरलेली. तिनं धीर करून हृषीला सांगितलं, तेव्हा तो ताटावरून मान वर न करता म्हणाला होता, "जा ना. चांगलं आहे." एवढंच. जणू ती भाजी आणायला निघाली होती. त्या "जा ना"ची सल तिच्या मनातून जात नव्हती.

घरी आल्यावर हृषी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. मुलींखेरीज तिचा आठ रोज ऐकणारा तो एकटाच होता. केतकी समोर येऊन उभी राहिली.

"माझा आठ जपानात कसा गेला?"

त्याच्या हातातली शेंग तिथेच राहिली. खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं, त्याचे कान लाल व्हायचे. तसे ते झाले.

"तो इसाओ-सेन्सेई आहे ना," तो म्हणाला, "तो मी आहे. म्हणजे मीच नाही. माझा फाटा."

"नीट सांग."

आता शेंगा बाजूला ठेवून हृषी जरा सरसावून बसला. पाण्याबद्दल बोलायचं असलं की त्याला वाचा फुटायची.

"हे बघ. कालव्याचं एक दार बंद केलं तर पाणी कुठून कुठं जाईल, हे आम्ही आधी गणितानं काढतो. पाणी तेच, जमिनीचा उतार तोच, फक्त एक दार बंद. माणसाचंही तसंच काढता येतं आता. त्याच्या आयुष्याच्या पुष्कळ वर्षांच्या सलग नोंदी असल्या की त्याचा उतार कळतो. तो कशाला घाबरतो, कुठे थांबतो, कशाकडे बघतो. मग त्याच्या आयुष्यातलं एक दार बंद करायचं आणि गणित सोडून द्यायचं. एकदा नाही, लाखो वेळा. प्रत्येक वेळी थोडं वेगळं घडतं, पण बहुतेक वेळा माणूस एकाच जागी जाऊन पोचला तर तो पक्का फाटा. या मालिकावाल्यांनी ठरवलं की पात्रं मनानं रचायची नाहीत, खऱ्या माणसांचे फाटे काढायचे. सलग नोंदी असलेली साधी माणसं हवी होती. माझ्या चष्म्यात होत्या."

त्याचा चष्मा खात्यानं दिलेला होता. कालव्यांची पाहणी करताना डोळा कुठे गेला, काय पाहिलं, सगळं टिपणारा. नंबर त्यातच बसवलेला असल्यामुळे हृषी तो सकाळपासून झोपेपर्यंत घालायचा आणि बंद करायला विसरायचा. नोंदी ज्याच्या त्याच्या मालकीच्या, असा कायदा झाला होता.

"म्हणजे माझा वर्ग तू चष्म्यातून त्यांना विकलास!"

"विकला नाही गं. आणि दुसऱ्या कुणाचा चेहरा, आवाज त्यात राहतच नाही. सगळं पुसतात. उरतो तो फक्त चष्मा घालणारा."

"मग तुला कुठून आलं शिकवायला? तू तर ओसरीवरच्या झोपाळ्यालाही घाबरतोस. आणि तिकडे पुरात उभा राहून पोरं झेलतोस?"

"मलाही नाही माहीत," हृषी खरोखरच गोंधळून म्हणाला.

"दार कोणतं बंद केलं तुझं?"

"ते नाही सांगत ते. गोष्ट फुटते म्हणे." मग तो जरा लाजत म्हणाला, "तू पुढचे भाग बघ ना. अजून बरंच यायचंय."

केतकी रागानं आत गेली. पण रागाच्या खाली काहीतरी वळवळायला लागलं होतं. कोणतं दार?

रविवारी दुपारी हृषी कालव्यावर गेला असताना तिनं पहिल्या भागापासून मालिका लावली. आधी ती चोऱ्या मोजत होती. घाबरलेल्या मुलीला इसाओ आधी पाणी प्यायला लावायचा, मग बोलायचा. ते तिचं. "सांभाळ" असं कधीच ओरडायचा नाही, नुसतं "पोट आत" म्हणायचा. तेही तिचं. मोकळ्या केसांच्या मुली यायच्या म्हणून केतकीच्या मनगटावर नेहमी दोन-तीन रबरबँड असायचे. इसाओच्या मनगटावर एक होता. त्याच्याकडे लांब केसांची एकही मुलगी नव्हती, तरी होता.

तिथून पुढे ती चोऱ्या मोजायची विसरली आणि स्वतःला शोधायला लागली.

हृषीचा दुसरा जन्मच म्हणायचा हा. मग त्यात आपण कुठे? हा माणूस लग्नाचा आहे की नाही? ती त्याच्या पडक्या घरात कोपरा न् कोपरा धुंडाळत राहिली. फळीवर दोन कप होते, तो एकच वापरायचा. दाराशी चपलांसाठी जागा होती, त्यातली अर्धी तो रिकामी सोडायचा. भिंतीवर फोटो नाही, तोंडात कुणाचं नाव नाही. मुलांनी विचारलं तर तो उठून खांबाला तेल लावायला जायचा.

"बोल की मेल्या!" केतकी पडद्यावर ओरडली आणि आपण कुणावर ओरडतोय हे कळून एकटीच हसली. घरातला मेलाही असाच होता. लग्नात सगळे "नाव घे, नाव घे" म्हणून मागे लागले होते, मावशीनं उखाणा कानात सांगितला होता, तरी हा घामाघूम होऊन म्हणाला होता, "नंतर घेतो." त्या "नंतर"वरून माहेरचे अजून चिडवत.

सगळे भाग संपले. ती कुठेच नव्हती. केतकीला भलतंच वाईट वाटलं. चित्रातल्या माणसाच्या घरात आपण नाही म्हणून डोळ्यांत पाणी यावं, हे तिलाच पटेना. पण वाटलं ते वाटलं. जिथे हा माणूस शूर झाला, बोलका नसला तरी मोठा झाला, तिथे याला आपली गरजच पडली नाही. मग उज्जैनला जायला कसला विचार करायचा?

तरी ते दार काही डोक्यातून जाईना. गुरुवारी दुपारी तिनं सरळ ओसाकाला मालिकावाल्यांना फोन लावला. हृषीच्या फोनमधून नंबर घ्यायला लपवाछपवी करावी लागली नाही, त्याच्या फोनला कुलूपच नसायचं.

पडद्यावर होरिउचि नावाच्या बाई आल्या. फाट्यांचं गणित त्याच बघायच्या. त्या जपानीत बोलत आणि मधलं भाषांतर-यंत्र ते मराठीत सांगे. यंत्राचं मराठी जुन्या पाठ्यपुस्तकातलं होतं.

"आपण श्रीयुत पाटणकरांच्या सौभाग्यवती केतकी आहात काय?"

"आहे. मला एवढंच सांगा, त्यांचं कोणतं दार बंद केलंत?"

होरिउचिबाई बोलू लागल्या.

"आम्हाला वाटले, आपणांस ठाऊक असेल," यंत्र म्हणालं. "आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. कोणावाचून आपले पान हलत नाही? जे उत्तर येते, ते आम्ही वजा करतो. कोणी आईचे नाव सांगतो, कोणी गावाचे. श्रीयुत पाटणकरांनी क्षणाचाही विलंब न लावता आपले नाव घेतले."

केतकीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"पहिल्या भरतीत आम्ही आपणांस नेले. त्यानंतर गणित लाखो वेळा चालवले. तो मनुष्य बहुतेक प्रत्येक वेळी हेच करतो. काही काळ काहीच करत नाही. मग एके दिवशी एक खांब रोवतो आणि आपण जे करत होता ते करू लागतो. आपले चित्र दाखवावे अशी आमची फार इच्छा होती. परंतु तो आपल्याविषयी कोणाशीच बोलत नाही. त्याच्या स्वभावात ते नाही. आणि स्वभावाबाहेरचे आम्ही दाखवत नाही."

"पण माझा आठ?" केतकीनं विचारलं. "माझा आवाज तर पुसला होता ना?"

"होय. आपला आवाज आमच्याकडे नाही. आठ त्यांच्या आवाजात आहे." बाई आता किंचित हसल्या. "संध्याकाळी ते एका भिंतीवर बसतात. हातात दूरध्वनी असतो, परंतु दृष्टी त्यावर नसते. चष्म्याच्या वरच्या कडेतून ते समोर पाहतात आणि ओठांतल्या ओठांत मोजतात. सहा वर्षांच्या नोंदींत दुसरी कोणतीही गोष्ट त्यांनी इतका वेळ पाहिलेली नाही. शेवटच्या भागात गुरू म्हणून आपणांस दाखवण्याची अनुमती द्याल काय?"

"विचार करून सांगते," असं काहीतरी म्हणून केतकीनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडली. मग तोंड धुतलं, कारण सरावाची वेळ झाली होती.

मैदानावर ती खांबाकडे गेलीच नाही. मुलींना अंग मोकळं करायला सांगितलं आणि सरळ भिंतीकडे चालू लागली. हृषीनं घाईघाईनं मान खाली घातली. फोन त्याच्या हातात उलटा होता.

"कोणावाचून तुझं पान हलत नाही?" तिनं विचारलं.

त्याचे कान लाल झाले. "तुला कुणी सांगितलं?"

"ओसाकानं. लग्नात नाव घे म्हटलं तर 'नंतर घेतो' म्हणालास. आणि घेतलंस कुठे, तर परक्या बाईपुढे!"

"मला वाटलं," हृषी अडखळत म्हणाला, "ज्याचं नाव सांगू त्याला गोष्टीत घेतात. आभार मानल्यासारखं. म्हणून तुला सांगितलं नाही. म्हटलं, एकदम पडद्यावर दिसशील तेव्हा तुझं तोंड बघू. प्रत्येक भागाला वाट बघतोय मी. आता येशील, मग येशील. तू येतच नाहीस."

"मी कशी येईन? ज्याचं नाव सांगतात त्यालाच ते काढून टाकतात, हृषी. ते दार मी होते."

मग त्यानं चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याला फारसं दिसत नसे, पण पुसायला काहीतरी हवं होतं.

"म्हणून तो एकच कप वापरतो," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, चित्रकार विसरला."

केतकी त्याच्या शेजारी भिंतीवर टेकली. समोर मुली चुळबुळ करत होत्या. शर्वरी उगाचच खांबाला प्रदक्षिणा घालत होती आणि इकडे कान लावत होती.

"मग मला 'जा ना' का म्हणालास?" शेवटी केतकीनं विचारलं. गेला आठवडाभर गिळलेलं एकदाचं बाहेर आलं. "एका शब्दानंही अडवलं नाहीस."

"अडवायचं कशाला? तिथे शंभर मुली असतील. तू खांबाखाली उभी राहतेस तेव्हा कशी दिसतेस ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. आणखी बोललो असतो तर रडलो असतो. म्हणून आमटी ओरपत बसलो."

केतकीला हसू आलं आणि रडूही आलं आणि दोन्ही तिनं ओढणीला पुसलं. मग ती उठली. मनगटावरचे रबरबँड काढून तिनं हृषीच्या हातात घातले.

"चल. खांबाखाली उभा राहा."

"मी? वेडी आहेस का? मी कधी चढलो नाही."

"चढायचं कुठे आहे? झेलायचं आहे. ते तुला येतं."

"ते त्याला येतं. त्याच्यावर तर भरती आली होती."

"त्याच्याजवळ होतं ते सगळं तुझ्याजवळूनच घेतलंय त्यांनी. तुझ्याजवळ नव्हतं असं एक तरी त्याच्याजवळ निघालं का? भरती येऊन माणूस शहाणा होत नाही. त्याला उभं राहणं भाग पडलं, एवढंच. तुला मी भाग पाडते. आणि तुझी मी कुठे वाहून गेले नाही. दिवाळीला येईन."

हृषी भिंतीवरून उतरला. मैदानाच्या कडेला त्यानं चपला काढल्या, जोड नीट लावून ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. मुली खांबापासून मागे सरल्या. केतकीनं शर्वरीला मानेनंच खूण केली. शर्वरीनं खांबाला नमस्कार केला, पायांची मिठी घालत सरसर वर गेली आणि बोंडावर हात टेकवून पाय आभाळात नेले.

केतकी हृषीच्या जागेवर बसली, भिंतीवर. तिला उठून धावावंसं वाटत होतं. तिनं मुद्दाम फोन हातात धरला.

हृषीनं आधी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. पण त्याचा डावा हात आपोआप छातीशी गेला, उजवा तळवा उघडून पुढे आला आणि नजर शर्वरीच्या कमरेवर स्थिरावली. ती नजर बघितल्यावर केतकीचा जीव भांड्यात पडला.

"पोट आत," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "एक. दोन. तीन."

केतकीनं फोनवर उज्जैनचा निरोप उघडला. 'येते,' एवढंच लिहिलं आणि धाडून दिलं.

"सहा. सात. आठ. आठ."

"सर," वरून उलट्या शर्वरीचा गुदमरलेला आवाज आला, "तुम्ही तरी नऊ म्हणा की हो!"

"मला शिकवलाच नाही," हृषी म्हणाला. "आठ."

"आठ," भिंतीवर बसलेली केतकी ओठांतल्या ओठांत म्हणाली.